देवीचा वण आणि शरीराची आठवण

तुमच्या घरात पन्नाशी ओलांडलेलं कोणी असेल, तर आज त्यांचा दंड नीट बघा. डाव्या दंडावर बहुधा एक छोटा वण दिसेल, तो बीसीजीचा. शिवाय दंडावर किंवा मनगटाच्या वर एखाद-दोन मोठे, गोल, थोडे खोलगट वण दिसतील. ते "देवी काढल्याचे" वण. १९८० नंतर जन्मलेल्यांच्या हातावर हा दुसरा वण सहसा सापडत नाही. मुलं विचारतात, "आजी, हे काय गं?" आजी सांगते, "देवीचा डॉक्टर यायचा गावात, त्यानं टोचलंय." गोष्ट तिथंच संपते.

खरं तर ती गोष्ट तिथून सुरू होते. तो वण जिथे पडला तिथून तुमच्या आजीच्या शरीरानं एका शत्रूची ओळख पटवून घेतली आणि ती ओळख पुढे कित्येक वर्षं जपली. ती कोणी जपली, कुठे जपली आणि किती काळ टिकते, हे समजायला डॉक्टरांना दोनशे वर्षं लागली. अवसरी बुद्रुकच्या माझ्या दवाखान्यात जवळजवळ रोज एक प्रश्न येतो: "डॉक्टर, लस घेऊनही ताप आला, मग लस कशाला घ्यायची?" त्याचं उत्तर याच इतिहासात आहे. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास.

देवी म्हणजे काय होतं

आजच्या पिढीनं कांजिण्या पाहिल्या आहेत, गोवर पाहिला आहे. देवी पाहिलेली नाही. या रोगाचा जो तीव्र प्रकार आपल्याकडे होता, त्यात लस न घेतलेल्या दहा रुग्णांपैकी सुमारे तीन दगावत. जे वाचत त्यांच्या तोंडावर आयुष्यभराचे वण राहत, काहींची दृष्टी जाई. माणसाच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून रोगालाच देवी म्हणून हात जोडले गेले. त्यात हसण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या जुन्या माणसांनी अचूक हेरली होती: ज्याला एकदा देवी येऊन गेल्या, त्याला सहसा पुन्हा येत नाहीत. त्यामुळे तोंडावर वण असलेली बाई देवीच्या रोग्याची सेवा करायला निर्धास्त बसू शकत असे. "शरीराला आठवण असते" हे ज्ञान कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधीचं आहे.

१८०२: लस मुंबईला पोचते

इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या खेड्यातल्या डॉक्टरनं १७९६ साली दाखवलं, की गाईच्या देवीचा सौम्य फोड माणसाला मुद्दाम आणला तर खऱ्या देवीपासून संरक्षण मिळतं. ही लस हिंदुस्थानात आणणं सोपं नव्हतं. बर्फ नाही, फ्रीज नाही, जहाजाचा प्रवास महिन्यांचा. तेव्हा उपाय एकच होता: एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातलं पाणी दुसऱ्याला टोचायचं, त्याच्याकडून तिसऱ्याला. अशी माणसांची साखळी बगदाद, बसरा असं करत मुंबईपर्यंत आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतात देवीची लस मिळालेली ती पहिली व्यक्ती. तिच्या फोडातून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना लस दिली गेली आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती.

लोकांनी ती आनंदानं घेतली असं मात्र नाही. दुसऱ्या घरच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाच्या दंडातलं पाणी आपल्या लेकराला कसं टोचायचं, ही अडचण होती. फोड आलेल्या मुलाच्या आईलाही त्याचा दंड पुन्हा चिरू देणं नकोसं वाटे. पुढे वासराच्या अंगावर लस तयार करायची पद्धत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बेळगावच्या लस संस्थेत अशी लस तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. "देवीचा डॉक्टर" वाडीवस्तीवर, शाळेत, बाजारात पोचला. दंडावर टेकवून फिरवायचं त्याचं दातेरी चाक आठवणारे लोक अजून आपल्यात आहेत.

१९७४ साली देशात १ लाख ८० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. एका वर्षानंतर, मे १९७५ मध्ये, शेवटचा रुग्ण सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. माणसानं पूर्णपणे संपवलेला हा माणसांचा एकमेव संसर्गजन्य रोग.

रोग संपला, पण तो वण नेमकं काय काम करत होता, हे तोवर पुरतं कळलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा टोचल्यावर काय दिसायचं

लस टोचणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार दिसे. पहिल्यांदा टोचलं की तीन-चार दिवस काहीच होत नसे. मग पुटकुळी, आठवड्यानं पाण्याचा मोठा फोड, नंतर खपली आणि साधारण तीन आठवड्यांनी वण. पण काही वर्षांनी त्याच माणसाला पुन्हा टोचलं, तर लाली एक-दोन दिवसांतच येई आणि फोड लहान येऊन लवकर वाळे.

जेन्नरच्या १७९८ च्या पुस्तकात याची पहिली खूण सापडते. मेरी बार्ज नावाच्या बाईला ३१ वर्षांपूर्वी गाईची देवी येऊन गेली होती. तिला १७९१ साली खऱ्या देवीचा अंश टोचला, तेव्हा त्या जागी लवकरच फिकट लाली पसरली, थोड्या दिवसांत विरली आणि रोग आलाच नाही. म्हणजे तिच्या शरीरानं ३१ वर्षांनंतर शत्रू ओळखला आणि वेशीवरच अडवला. व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या आरंभी या फरकाचा बारकाईनं अभ्यास केला. शरीराची वागणूक अनुभवानं बदलते हे सांगायला त्यानं १९०६ साली एक नवा शब्द केला: ॲलर्जी. आज आपण तो वेगळ्या अर्थानं वापरतो.

आठवण कोण ठेवतं?

बराच काळ सगळं श्रेय रक्तातल्या अँटीबॉडींना, म्हणजे प्रतिपिंडांना दिलं जाई. प्रतिपिंड म्हणजे रक्तात फिरणारे प्रथिनांचे रेणू. ते जंतूला बाहेरच्या बाहेर पकडतात. पण काही गोष्टींचा मेळ बसत नव्हता.

१९४२ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी एका साध्या रसायनाला सरावलेल्या गिनीपिगच्या पेशी दुसऱ्या गिनीपिगला दिल्या. त्याबरोबर त्वचेवर येणारी ती ओळखीची लालीही दुसऱ्याकडे गेली. नुसतं रक्तातलं पाणी दिलं तर ती जात नव्हती. म्हणजे ही आठवण पेशींमध्ये होती.

नंतर डॉक्टरांना अशी मुलं दिसली, ज्यांचं शरीर जन्मतःच प्रतिपिंडं बनवू शकत नाही. त्यांना वारंवार न्यूमोनिया होई, पण गोवरातून ती इतर मुलांसारखीच बरी होत आणि देवीची लसही बहुधा निभावून नेत. याउलट ज्या मुलांमध्ये एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशीच नसत, त्यांच्यात लसीची छोटी जखम पसरत जाऊन जीव घेई. निसर्गानंच प्रयोग करून दाखवला होता, की पेशीच्या आत शिरणाऱ्या विषाणूला निपटायला प्रतिपिंडं एकटी पुरत नाहीत.

१९६१ साली जॅक मिलर यांनी उंदरांवर दाखवलं, की छातीच्या हाडामागची थायमस ही ग्रंथी या पेशींची शाळा आहे. तोवर ती बिनकामाची समजली जात होती. थायमसवरूनच या पेशींना पुढे "टी पेशी" नाव पडलं. त्यांतल्या काही मारक असतात: विषाणू शिरलेली आपलीच पेशी ओळखून त्या ती नष्ट करतात. काही मदतनीस असतात: त्या मारक पेशींना बळ देतात आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना दिशा दाखवतात.

चौकी, गस्त आणि गडावरची शिबंदी

आता मुख्य गोष्ट. लस टोचल्यावर आत काय घडतं?

तुमच्या शरीरात कोट्यवधी टी पेशी आहेत, पण एखाद्या नव्या जंतूला ओळखू शकणाऱ्या फार थोड्या, लाखात एखादी किंवा त्याहूनही कमी. लस दिल्यावर ती नेमकी पेशी काखेतल्या गाठीत जागी होते आणि भराभर वाढते. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं, तसं लस घेतल्यावर कधी कधी काखेत दुखतं. ते हेच काम. एक-दोन आठवड्यांत एकीच्या हजारो होतात. जंतू संपला की त्यांतल्या दहापैकी नऊ-साडेनऊ मरून जातात. ते आवश्यक असतं, कारण एवढी फौज कायम पोसणं शरीराला परवडत नाही. उरलेल्या पाच-दहा टक्के पेशी स्मृतिपेशी होतात.

या स्मृतिपेशी एकसारख्या नसतात. हे १९९९ साली स्वित्झर्लंडमध्ये फेडेरिका सालुस्तो, अँटोनियो लान्झावेकिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तात दाखवलं. आपण जुन्नर-आंबेगावची माणसं, त्यामुळे आपल्या भाषेत सांगतो. जुन्या काळी या मुलखाची राखण कशी होत असेल? नाणेघाटात चौकी, वाटांवर गस्त आणि शिवनेरीसारख्या गडावर राखीव शिबंदी. शरीरही तसंच करतं.

काही स्मृतिपेशी गाठींमध्ये, म्हणजे गडावर राहतात. त्या लगेच लढत नाहीत, पण शत्रू आल्याची खबर लागली की पुन्हा हजारोंची फौज उभी करतात. काही पेशी रक्तातून सर्व अवयवांत गस्त घालतात आणि दिसेल त्या शत्रूवर लगेच तुटून पडतात. तिसऱ्या प्रकारच्या पेशींचा पत्ता विसाव्या शतकाअखेरपर्यंत नीट लागला नव्हता, कारण त्या रक्तात येतच नाहीत. त्या त्वचेत, फुप्फुसात, आतड्यात मुक्काम करून राहतात. घाटातल्या चौकीसारख्या. २००९ नंतर त्यांच्याविषयी भराभर माहिती मिळाली.

इथे देवीचा वण पुन्हा आठवा. बोस्टनमधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की देवीची लस स्नायूत टोचण्यापेक्षा त्वचेवर ओरखडा काढून दिली तर संरक्षण जास्त चांगलं मिळतं, कारण त्वचेतच अशा मुक्कामी स्मृतिपेशी तयार होतात. त्या फक्त टोचलेल्या जागी न राहता इतर ठिकाणच्या त्वचेतही पसरतात. तेव्हा देवीच्या डॉक्टरचं ते दातेरी चाक नकळत योग्य दारावर पहारा बसवत होतं.

या पेशी झोपलेल्या असतात का? पिवळ्या तापाची लस घेतलेल्या लोकांवर रमा अकोंडी, मूळचे हैदराबादचे रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१७ साली आला. टिकून राहिलेल्या मारक स्मृतिपेशी या लशीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जोरानं वाढलेल्या पेशींतूनच आलेल्या होत्या. नंतर त्या शांत झाल्या, वर्षाला एकदासुद्धा विभागत नव्हत्या. तरीही लढाईला लागणाऱ्या त्यांच्या जनुकांची कुलुपं उघडीच होती. जुना पैलवान आखाडा सोडतो, पण डाव विसरत नाही, तसं.

मग प्लेगची लस का टिकली नाही?

प्रत्येक लस देवीसारखी नसते. १८९६ साली मुंबईत आणि लवकरच पुण्यात प्लेग आला. मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्या लशीनं लागण आणि मृत्यू दोन्ही कमी झाले, पण संरक्षण काही महिन्यांचंच राही.

देवीची लस जिवंत विषाणूची होती. तो पेशीत शिरून वाढत असे, त्यामुळे मारक टी पेशींचं पूर्ण प्रशिक्षण होई. हाफकिन यांची लस उष्णतेनं मारलेल्या जंतूंची होती. मेलेला जंतू पेशीत शिरून वाढत नाही. अशी लस प्रामुख्यानं प्रतिपिंडं तयार करते आणि ती हळूहळू ओसरतात. म्हणूनच काही लशी एक-दोनदा पुरतात, तर धनुर्वातासारख्या लशीचे डोस पुन्हा घ्यावे लागतात. फ्लूचं कारण आणखी वेगळं: तिथे विषाणूच दरवर्षी वेष बदलतो.

आठवण किती टिकते?

१९०२-०३ साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला देवीची साथ आली. लहानपणी एकदाच लस घेतलेल्या, पन्नाशीपुढच्या काहींनाही लागण झाली. पण त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण लस न घेतलेल्या समवयस्कांपेक्षा खूपच कमी होतं. या ओळी पुन्हा वाचा. लस रोगाला दारातच अडवू शकली नाही, तरी जीव वाचवत होती.

अमेरिकेत ऑरेगन इथं झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. देवीची लस घेऊन २५ ते ७५ वर्षं झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांत प्रतिपिंडं, टी पेशी किंवा दोन्ही सापडल्या. टी पेशींची संख्या दर ८ ते १५ वर्षांनी निम्मी होत होती, पण संपत नव्हती. देवीच्या जातीतल्याच मंकीपॉक्सचा, म्हणजे आताच्या एमपॉक्सचा, आफ्रिकेत १९८० च्या दशकात अभ्यास झाला. त्यात देवीची लस घेतलेल्यांना सुमारे ८५ टक्के संरक्षण दिसलं. जुलै २०२२ मध्ये केरळात भारतातला पहिला एमपॉक्स रुग्ण आढळला आणि त्याचे नमुने आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. तेव्हा आजीच्या दंडावरच्या वणाला पुन्हा महत्त्व आलं. नातवाकडे ती शिदोरी नाही.

कोविडमध्येही हेच दिसलं. विषाणूनं रूप बदललं, प्रतिपिंडांना चकवलं, लस घेतलेल्यांनाही ताप आला. पण टी पेशी विषाणूचे अनेक वेगवेगळे तुकडे ओळखतात. ते सगळे एकदम बदलत नाहीत. त्यामुळे लस घेतलेल्या बहुतेकांचं दुखणं घरातच निभावलं. "लस घेऊनही ताप आला" याचा अर्थ चौकी ओलांडली गेली, पण गडावरची शिबंदी वेळेत खाली उतरली.

आठवण क्षीण होते तेव्हा

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी तो विषाणू शरीरातून जात नाही. मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो दडून बसतो आणि टी पेशी त्याला दाबून ठेवतात. वय वाढलं, पहारा सैल झाला, की तो एका मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेवर येतो. तीच नागीण. हे १९६५ साली सविस्तर मांडलं एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या जनरल प्रॅक्टिशनरनं, जेन्नरच्याच ग्लॉस्टरशायर परगण्यात राहून. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, ही समजूत खोटी आहे. तिच्यावर औषध आहे, पण ते पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आधी मंत्र, मग लेप, मग डॉक्टर, यात ते तीन दिवस निघून जातात आणि नंतरचं जळजळीचं दुखणं महिनोन् महिने सोसावं लागतं.

क्षयाचंही तसंच. जंतू शरीरात शिरलेल्या शंभर जणांपैकी आयुष्यभरात पाच-दहा जणांनाच रोग होतो. बाकीच्यांत टी पेशी त्याला वेढा घालून बसलेल्या असतात. एचआयव्हीत मदतनीस टी पेशी मरतात, म्हणून त्या रुग्णांना क्षय सहज गाठतो. पण आपल्या भागात पहारा उठवणारी एक गोष्ट आपण स्वतः विकत आणतो: सांधेदुखीवरच्या निनावी पुड्या आणि गोळ्या. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत गुडघे हलके होतात, महिनोन् महिने घेतल्यावर टी पेशी दुबळ्या होतात आणि वर्षानुवर्षं कोंडलेला क्षय सुटतो. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. दमा आणि इतर अनेक आजारांत ते जीव वाचवतं. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, मोजून घ्यायचं असतं. आणि चालू असलेलं स्टेरॉइड मनानं एकदम बंदही करायचं नसतं.

तुम्ही काय करायचं?

बाळाच्या लशींचं कार्ड जपा आणि पुढचा डोस चुकवू नका. दुसरा डोस म्हणजे शिबंदीची पुन्हा कवायत. शेतात खिळा, विळा, पत्रा लागला तर धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते आठवा. मोठ्यांनी ते साधारण दर दहा वर्षांनी घ्यावं आणि जखम मातीची, खोल असेल तर त्याआधीही लागू शकतं. पन्नाशीनंतर नागिणीच्या लशीबद्दल, तसंच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल तर फ्लूच्या लशीबद्दल विचारा. साखर ताब्यात ठेवा. वाढलेल्या साखरेत या पेशी नीट काम करत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं यांपैकी काही असेल तर सरकारी रुग्णालयात थुंकी तपासून घ्या. ती तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आणि लस घेतल्यावर तुमच्या बाळाचा दंड दुखला, दिवसभर किरकिर झाली, तर घाबरू नका. काखेतल्या त्या छोट्या गाठीत त्या वेळी भरती चालू असते. त्यातल्या बहुतेक पेशी महिन्याभरात निघून जातील. ज्या थोड्या उरतील, त्यांतल्या काही हे बाळ आजोबा होईल तेव्हाही पहाऱ्यावर असतील.